मामंजींनी घोटलेल्या भिंती

२१ सप्टेंबर १९८१, सोमवार

भिंतीला मुंग्या लागल्या! बैठकीच्या अख्ख्या भिंतीला. फरशीपासून छतापर्यंत काळी रांग — रांग कसली, जत्राच. मी सकाळी पडदा सारला आणि किंचाळले. हे रात्रपाळीहून येऊन नुकते आडवे झाले होते, ते चादरीसकट धावत आले. मामंजी मात्र तिथेच, त्याच भिंतीला खुर्ची टेकवून शांतपणे चहा पीत बसलेले. म्हटलं, मामंजी, एवढ्या मुंग्या दिसल्या नाहीत का तुम्हाला? तर म्हणाले, मुंग्यांचं काय, त्या कुठंही असतात.

प्रताप सगळा त्यांचाच. नवं घर, पण गवंड्याने प्लास्टर असं केलंय की हात फिरवला तर साल निघावं. मामंजींनी युक्ती काढली — चुन्यात गुळाचं पाणी घालायचं. गावच्या त्यांच्या विहिरीचं बांधकाम तसंच आहे म्हणे, आजवर चीर गेली नाही. विहिरीला ठीक आहे हो! तिथे मुंग्या पोहायला जाणार आहेत का? पण मी तरी काय शहाणी, डब्यातला चांगला पिवळाधमक गूळ मीच काढून दिला.

रागावताही येत नाही त्यांच्यावर, हीच तर पंचाईत. सासूबाई गेल्यापासून मामंजी गावी एकटेच असतात, नरखेडच्या पलीकडे, आपल्या संत्र्याच्या बगिच्याजवळ. महालक्ष्म्यांना इकडे आले. आल्या आल्या भिंतीवरून हात फिरवला आणि तोंड वाकडं केलं. "पोराचं नवं घर अन् भिंती अशा? भिंती करून देतो अन् मंग जातो."

त्यातलं शेवटचं मला मुळीच आवडलेलं नाही.

२२ सप्टेंबर

दिवसभर भिंत धुतली. मुंग्या गेल्या, चुनाही गेला, माझी कंबरही गेली.

२४ सप्टेंबर, गुरुवार

हे इतवारीच्या बाजारातून सामान घेऊन आले. पुट्टी, ब्रश, घासायचा रेजमाल कागद, डिस्टेंपरची पाकिटं. आता गूळबीळ काही नाही, साधं चार लोक करतात तसं करायचं. रंगावरून आमचं वाजलंच. मला बैठकीला मोतिया हवा आणि आतल्या खोलीला पिस्ता. यांना सगळीकडे निळा! म्हटलं, तुमच्या कोराडीच्या वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये नाही राहायचं मला, घरात राहायचंय. शेवटी दुकानातून आणलेला रंगांच्या चौकोनांचा कागद मामंजींच्या हातात दिला. त्यांनी तो बराच वेळ धरून ठेवला, उलटा-सुलटा केला आणि परत दिला. म्हणाले, सुनबाई म्हणते तेच.

जिंकले! हे कुरकुरले, बाबा नेहमी हिच्याच पार्टीत. आहेतच मुळी. यांना उद्या बाजारात पाठवून पाकिटं बदलून आणायला लावणार.

२८ सप्टेंबर, सोमवार

मामंजींचं काम पाहत बसावंसं वाटतं. पत्र्याच्या पट्टीने पुट्टी खड्ड्याखड्ड्यांत भरायची, वाळू द्यायची, मग रेजमाल कागदाने घासायची. आणि मग त्यांचा तो डावा पंजा! भिंतीवर पसरून असा हळू नेतात, जसा बैलाच्या पाठीवरून फिरवावा. कुठे थांबला की समजायचं, तिथे पुन्हा घासणं आलं. एक वीतभर जागा घोटायला अर्धी सकाळ. भुवया पांढऱ्या, टोपी पांढरी, मिशी पांढरी. हे विचारतात, बाबा, गिरणीत नोकरी धरली का गा? — बापाला गा म्हणतात आणि वर हसतात.

मलाही शिकवलं. मी आपली नाक भिंतीला लावून पाहत होते. "डोयानं पाहू नको वं. डोये मिट अन् हात जाऊ दे." डोळे मिटले. खरंच की! डोळ्यांना जिथे काही नव्हतं तिथे बोटांना बारीकशी टेकडी लागली. इतका आनंद झाला मला, त्या टेकडीचा.

इंदूबाई रोज डोकावते. पलीकडच्या प्लॉटवरची ही, या उजाड भागात माझी एकुलती शेजारीण. तिचं एकच पालुपद, रंगारी लावा, दोन दिवसांत मोकळे व्हाल. मोकळं कोणाला व्हायचंय!

इथे खरं लिहायला काय हरकत आहे. हुडकेश्वरला आम्ही आलो तेव्हा मी महिनाभर रडले. शहरात, महाल भागातल्या गल्लीत वाढलेली मी, इथे चार घरं आणि बाकी तुरीची शेतं. कोराडी शहराच्या त्या टोकाला, आम्ही या टोकाला. यांचा अर्धा जन्म बसमध्ये जातो. रात्रपाळी असली की मी एकटी, आणि बाहेर कोल्हे. मामंजी आल्यापासून मला झोप लागते. दुपारी मी त्यांना पेपर वाचून दाखवते. तू वाचलं की बातमी चांगली लागते, म्हणतात, आणि प्रत्येक पुढाऱ्याला एक टोमणा. माझे वडील मी कळती व्हायच्या आतच गेले. घरात असं कोणी खाकरत बसलेलं असावं, चहा हातात दिला की "बरा झाला" म्हणणारं, याची मला सवयच नव्हती. आता झाली, तर मामंजी म्हणतात जातो.

जायचं नाही त्यांनी. मला ते इथे हवे आहेत. बस्स.

१ ऑक्टोबर, गुरुवार

बैठकीच्या भिंती घोटून झाल्या. हात घसरतो नुसता. मामंजी खूश. म्हणाले, उद्यापासून रंगाचे हात मारू, मग आतली खोली, आणि दिवाळीच्या आत मी गावाले.

माझ्या तोंडून निघून गेलं — मामंजी, खिडकीच्या वर जरा खडबडीत वाटतंय.

काही नव्हतं तिथे. तळहाताएवढंही नव्हतं. ते उठले, स्टूल ओढलं. कुठं, म्हणाले, हात ठेव बरं. मी ठेवला. त्यांनी माझ्या हाताच्या जागी आपला हात ठेवला, बराच वेळ चाचपलं. मला वाटलं, आता बोलतील. पण त्यांनी रेजमाल कागद घेतला आणि घासायला लागले.

एक अख्खा दिवस मिळाला!

३ ऑक्टोबर

काल कोपऱ्यात खडबड "सापडली", आज दारामागे. लाज वाटते का? वाटते थोडी.

५ ऑक्टोबर, सोमवार

यांनी पकडलं. मी दाराच्या वरची जागा दाखवत होते आणि हे मागे उभे. मामंजी हातपाय धुवायला गेल्यावर मला स्वयंपाकघरात गाठलं. काहून छळून राहिली म्हाताऱ्याला, तिथं काय आहे? मी चकलीच्या सोऱ्याकडे पाहत राहिले. मग सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, ओरडतील.

हे पाट ओढून बसले. मग म्हणाले की आईनंतर त्यांनी बाबांना कितीदा म्हटलं असेल, इकडे या. पण बाबांसमोर उभं राहून "मला तुम्ही हवे आहात" हे काही यांना बोलता येत नाही. बापलेक दोघेही तसलेच. बोलायचं म्हटलं की विहिरीतल्या पंपाबद्दल बोलतात.

संध्याकाळी बैठकीतून यांचा आवाज. "बाबा, इकडं खालीपण थोडं उंच लागून राहिलं बरं का." माझा नवरा! असा पुढ्यात बसवून ओवाळावासा वाटला.

८ ऑक्टोबर, दसरा

सकाळपासून शहरातल्या गाड्या दीक्षाभूमीला जाणाऱ्यांनी भरलेल्या, हे कसेबसे लोंबकळत घरी आले. बैठकीचा मोतिया पूर्ण झाला आहे. रंग मी कालवते, बादली आणि ब्रश हातात देते, ते मारत जातात. पहिला हात, दुसरा हात. आज सोनं द्यायला आलेली चार माणसं भिंतीकडेच बघत होती. एकाने तर रंगाऱ्याचा पत्ता विचारला! मामंजी मिशीत हसले.

एक गंमत झाली. इंदूबाई दारात उभी होती, तिच्या हातात मामंजींनी आपट्याची पानं ठेवली, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, सुनबाई, आता चहा टाक. इंदूबाई लाजून लाल. मी चहा टाकायला गेले. म्हटलं, वय झालं आता, घोटाळा होतो. म्हणून तर एकटं राहू नये.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

गावाहून नत्थूजी आला. हा त्यांचा सालदार, बगिचा तोच बघतो. पिशवीभर मोसंबी आणि एक निरोप घेऊन आलेला. संत्र्यांनी रंग धरलाय, दिवाळीनंतर तोड, मालकांनी आता यावं. मी त्याला जेवायला वाढलं आणि मनात शिव्या दिल्या.

मी म्हटलं, नत्थूजी, तुम्हीच सांगा त्यांना, या वयात एकटं राहणं बरं नाही. तो भाकरी मोडत म्हणाला, मालक तिथं एकटे कुठं असतात, पहाटेच बगिच्यात जातात, बुंध्याला हात लावून सांगतात कोणत्या झाडाले पाणी कमी झालं. त्याचं काय, मालक तिथे असले की त्याला बरं.

आतल्या खोलीची एकच भिंत राहिली आहे. मामंजींनी नत्थूजीला सांगितलं, येतो, एवढी भिंत झाली की.

त्या भिंतीत मला आता काहीच सापडत नाही. लाज नाही, पण युक्त्या संपल्या.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

कसं लिहू.

सकाळी मी महालात गेले होते, आईकडून भाजणी आणायला. पिस्ता कालवून बादली भरून ठेवली, मामंजींना म्हटलं, आल्यावर सोबत करू. परत आले तर मामंजी दारातच उभे, ब्रश हातात, अंगभर शिंतोडे. म्हणाले, केली वं पोरी पूर्ण, तुझ्याबिगर केली. पाह्य जमली का एकसारखी.

मी आत गेले. खिडकीपर्यंत पिस्ता. खिडकीपासून पुढे मोतिया.

बैठकीतून उरलेल्या मोतिया रंगाची बादली तिथेच कोपऱ्यात होती. एक संपली, त्यांनी दुसरी घेतली. अर्धी भिंत हिरवट, अर्धी पिवळसर, आणि काम इतकं सुंदर की कुठे ओघळ नाही, ब्रशची रेघ नाही.

सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. मुंग्या. रंगाचा कागद. पेपर. इंदूबाई. आणि मी — मी कुठे बघत होते? मी बोटाने दाखवायचे आणि ते म्हणायचे, हात ठेव बरं.

ते वाट पाहत होते. मी म्हटलं, जमली मामंजी. छान जमली. आवाज बरा निघाला.

मी ठरवलं होतं, हे आले की आधी फाटकातच गाठायचं. पण ऐनवेळी दूध उतू गेलं आणि हे मागच्या दाराने आत. खोलीत गेले आणि मोठ्यांदा हसले. अरे वा बाबा, हे काय नवीन? अर्धी भिंत एक, अर्धी दुसरी!

मी धावले. मामंजी पलंगावरून उठले होते. ते भिंतीजवळ गेले, पंजा पसरला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. परत आणला. पुन्हा नेला. खिडकीपाशी सावकाश, बोटं चिकटवून.

"कुठून?" त्यांनी विचारलं. "हाताले तं काहीच लागत नाही."

यांचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं. ते मिटवायचंही यांना सुचलं नाही.

१७ ऑक्टोबर, शनिवार

आज सगळं बोलून झालं. मी चिडले होते. खूप चिडले होते. भाजी चिरता चिरता विचारलं, मामंजी, आम्हाला काहून नाही सांगितलं?

सासूबाई गेल्या त्या वर्षापासूनचं आहे. आधी कडा गेल्या, म्हणतात. आता समोर एक भोक उरलं आहे, तेही धुरकट. रंग तर कवाचेच गेले. माणूस हालला की कळतं, बोललं की ओळखू येतं. सांगितलं असतं तर आपल्याला गावाले जाऊ दिलं असतं का — हे त्यांचं उत्तर. आणि भिंती? भिंती हाताने होतात म्हणून घेतल्या. पोराच्या घरी आपलं काहीतरी लागलेलं असावं, म्हणाले.

मग मलाही राहवेना. म्हटलं, मामंजी, बैठकीत खडबड नव्हतीच. मी खोटं सांगत होते.

"मले माहीत होतं." मिशीतच हसले. "हात काय आंधळा आहे माहा? मी म्हटलं, पोरीले करमत नसंल इथं. रोज थोडं घासलं."

मी विळी सोडून उठून गेले. मोरीत जाऊन रडले. तिथे हे आधीच उभे, नळ सोडून, तोंडावर पाणी मारत. किती वेळ मारत होते कोण जाणे.

२० ऑक्टोबर, मंगळवार

मेडिकलच्या दवाखान्यात नेलं. काचबिंदू. गेलेली नजर येणार नाही, उरलेली टिकावी म्हणून थेंब, दिवसातून दोनदा, न चुकता. डॉक्टरांनी यांना बाजूला घेऊन विचारलं, इतके दिवस तुम्हाला कळलं नाही का? यांनी मान खाली घातली. मीही.

आता गावी जाण्याचा प्रश्नच नाही. हे बसमध्येच म्हणाले. मीही मनात हेच म्हणत होते. मामंजींनी खिडकीकडे तोंड वळवलं.

मला जे हवं होतं ते झालं. मग बरं का वाटत नाही?

२२ ऑक्टोबर, गुरुवार

मामंजी जेवतात, थेंब टाकून घेतात, खुर्चीवर बसतात. टोमणे बंद. पेपर वाचते तर हूं म्हणतात. रंगासाठी हलवलेलं सामान आम्ही काल परत लावलं आणि आज ते टेबलाच्या कोपऱ्याला धडकले. मी "लागलं का" म्हणून धावले, तर माझ्यावरच जरा जोरात बोलले. पहिल्यांदाच. मग स्वतःच ओशाळले.

रात्रीच्या जेवणाला यांनी विषय काढला. ठरलं ते असं: दिवाळी गावी करायची. मामंजींनी एकदा घर, बगिचा हातांनी भेटून घ्यावं, नत्थूजीला सगळं सोपवावं, आणि भाऊबीज झाली की कायमचं इकडे. मी त्यांचे कपडे, सासूबाईंचा फोटो, काय काय आणायचं तेही डोक्यात धरलं आहे. पिस्ता खोली त्यांचीच. दोन रंगांची भिंत तशीच ठेवणार, कोणी काही म्हणो.

मामंजी एवढंच म्हणाले, चला.

२५ ऑक्टोबर, रविवार. गावी

यष्टी उशिरा पोचली. दिवस बुडालेला आणि गावात लाइट गेलेली. हे पिशवीत टॉर्च शोधत राहिले आणि मामंजी निघालेसुद्धा. परवा यांनी आणून दिलेली काठी काखेत! गल्ली, वळण, फाटकाची कडी, सगळं चालता चालता. आत शिरून टोपी खुंटीवर, चपला कोनाड्यात. कोपऱ्यातल्या माठाला हात लावून म्हणाले, नत्थूनं आजच भरला. आवाज असा की मेडिकलहून आल्यापासून ऐकलाच नव्हता.

मी मात्र दारातच कशाला तरी धडकले. चूल कुठे, विचारलं. दिवा कुठे, विचारलं. मोरी कुठे, विचारलं. ते आतून एकेक सांगत होते, न थांबता. मला पुढचं पाऊलही दिसत नव्हतं. मामंजींना मी न्यायला आले होते! सांभाळायला! हे ओसरीवर उभे होते, टॉर्च हातात, पण लावला नाही. मला वाटतं, यांनाही कळलं.

मामंजी मागच्या दाराने विहिरीवर पाय धुवायला निघाले. मी घाईने मागे गेले. ते थांबले, वळले आणि अंधारात नेमका माझा हात धरला.

"हळू वं पोरी. इथं पायरी आहे."